आतून लावायची कडी

जाहिरात एजंटने लिहिली होती आणि मी ती द्वारका चौकाच्या सिग्नलला, रिक्षात बसून, फोनवर वाचली. 'नाशिक शहरालगत, डोंगरउतारावरचं वैशिष्ट्यपूर्ण घर. मिड-सेंच्युरी मॉडर्न शैली. मूळ कुटुंबाने जसंच्या तसं जपलेलं. संपूर्ण मोकळी रचना, आत खोल्यांना एकही दार नाही. भरपूर उजेड, भरपूर हवा आणि नात्यांमधला मोकळेपणा.' शेवटच्या दोन शब्दांवर मला इतका संताप आला की मी मोठ्यांदा शिवी हासडली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मी म्हटलं, "तुम्हाला नाही हो, घराला."

हे घर माझ्या वडिलांनी बांधलं. ते इंजिनिअर होते, धरणांच्या कामावर नोकरी केलेले, आणि परदेशी मासिकांतल्या घरांची चित्रं कापून वहीत चिकटवणारे. म्हसरूळच्या पुढे, चामरलेण्याच्या डोंगराकडे जाताना एक टेकडी लागते, तिच्या उतारावर त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस जागा घेतली. तेव्हा तिथे माणूस राहील असं कुणाला वाटत नव्हतं. सपाट स्लॅब, आणि तो पुढे चांगला दहा फूट अधांतरी काढलेला. खाली काळ्या दगडाच्या भिंती. पंचवटीकडची अख्खी बाजू काचेची. टेकडी जशी उतरते तसं घरही आतल्या आत उतरत जातं: वर स्वयंपाकघर, चार पायऱ्या खाली बैठक, आणखी तीन पायऱ्या खाली झोपायच्या जागा. खोल्या म्हणायच्या नाहीत, जागा म्हणायचं, हा त्यांचा आग्रह. बैठकीच्या कोपऱ्यात टेकडीचाच एक मोठा खडक तसाच ठेवला आहे. तो त्यांनी सुरुंग लावून फोडू दिला नाही, घर त्याच्याभोवती उभं केलं. बघायला येणाऱ्यांचे पाय हमखास त्या खडकापाशी थबकतात. माझेही थबकतात, कारण त्याची डावी कड आईच्या कपाळावरच्या व्रणाशी बरोबर जुळते.

"दार म्हणजे संशय," वडील पाहुण्यांना सांगायचे. "माझ्या घरात कुणाला कुणापासून लपवण्यासारखं काही नाही." पाहुणे माना डोलवायचे, आई त्यांच्यापुढे चहा ठेवायची. मुख्य दार सोडलं तर घरात एकच दार होतं, न्हाणीघराचं, आणि तेही त्यांनी नाइलाजाने बसवलं होतं.

वडील दारू पीत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात आणि उत्तर 'नाही' आलं की त्यांचा जरा हिरमोड होतो. ते सुपारीसुद्धा खात नसत. त्यांना चिडायला कारणही मोठं लागत नसे. पायरीवर राहिलेली चप्पल. आमटीत कमी पडलेलं मीठ. सगळ्यात वाईट म्हणजे काचेवरचे बोटांचे ठसे. घरात दोन लहान मुलं आणि चाळीस फूट काच, म्हणजे ठसे रोजचेच. ते आधी चष्मा काढायचे, घडी घालून खिशात ठेवायचे, मग आईचे केस मुठीत धरून तिला काचेपाशी न्यायचे. "हे काय आहे?" असं विचारायचे आणि तिचं कपाळ काचेवर आपटायचे. एकदा, दोनदा, अगदी मोजून मापून. काच फुटायची नाही. चांगल्या प्रतीची होती, मुंबईहून मागवलेली. मग काचेवर आईच्या कपाळाचा तेलकट डाग उमटायचा आणि त्याचंही कारण व्हायचं.

त्या मोकळ्या घरात आम्हाला, म्हणजे मला आणि दादाला, जाण्यासारखी एकच जागा होती. खडक आणि भिंत यांच्यामधली दीड फुटाची फट. मी त्यात मावायचे. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याचा निम्मा बाहेर राहायचा. मारलेलं दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं, कारण दगडाच्या भिंतींमध्ये आवाज घुमतो. आईचा आवाज मात्र कमी असायचा. ती तोंडात पदर कोंबायची.

मी सात वर्षांची होते तेव्हाची एक दुपार. रविवार असणार, कारण वडील घरी होते. कारण आठवत नाही. चष्मा खिशात गेलेला मात्र आठवतो. त्या दिवशी आईने आम्हा दोघांना दंडाला धरून न्हाणीघरात ओढलं, दार लावलं आणि आतली पितळी कडी सरकवली. आम्ही तिघं ओल्या फरशीवर बसलो. वडिलांनी दार वाजवलं नाही. ते बाहेर स्टूल घेऊन बसले आणि दर थोड्या वेळाने अगदी हळू म्हणायचे, "उघड." त्या आवाजाचीच मला जास्त भीती वाटत होती. दुपार कलली. मला भूक लागली आणि मी भोकाड पसरलं. आईने माझ्या तोंडावर हात ठेवून पाहिला, मग काढला आणि कडी उघडली. माझ्यासाठी उघडली, हे मी कधी विसरले नाही. वडिलांनी आम्हा मुलांना बाजूला केलं, न्हाणीतला तांब्या उचलला आणि त्या तांब्याने आईला मारलं. दोन दात पडले. ते तिने चूळ भरून मोरीत थुंकले, आणि मग मला भात कालवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी हत्यारांची पेटी काढली. मला हाक मारली, दादाला नाही. "हात पुढे कर," म्हणाले. एकेक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवत गेले. चार स्क्रू. "आतून कडी नकोच," ते समजावून सांगत होते, "उद्या मुलं आत अडकली, पडलीबिडली, तर आपण आत जाणार कसे?" कडी निघाल्यावर त्यांनी भोकांत मेण भरलं, भुसा झाडून घेतला आणि कडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "जा, खाली फेकून दे." मी गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन ती जीव खाऊन खाली शेतात भिरकावली. "शाबास, हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. मला अभिमान वाटला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही दार फोडलं नाही. फोडणारा माणूस आवाज करतो, चार लोक जमतात. ते स्क्रू काढायचे.

टेकडीच्या पायथ्याला एका कुटुंबाची शेती होती. झेंडू, मेथी, कोथिंबीर, कांदा. पहाटे माल पंचवटीच्या बाजारात जायचा. संध्याकाळी आमच्या घरात दिवे लागले की खालच्या शेतातून काचेआडचं सगळं दिसायचं. तिथल्या बाईंनी किती वर्षं काय काय पाहिलं असेल, देव जाणे. एक दिवस त्या झेंडूची फुलं घेऊन वर आल्या, आईच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं, घरभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बाई, घर लय देखणं हाय तुमचं. पन लपाया जागा नाय. आमच्या चाळीत येत जा."

चाळ म्हणजे कांद्याची चाळ. बांबूच्या तट्ट्यांची, वारा खेळता राहील अशी, आत छातीएवढा कांद्याचा ढीग. तेव्हापासून चष्मा निघाला आणि मुख्य दारापर्यंत पोचता आलं, तर आई उतारावरून खाली पळायची आणि त्या ढिगामागे जाऊन बसायची. वडिलांना महिनाभरातच कळलं. तिच्या लुगड्याला वास यायचा. एका संध्याकाळी ते स्वतः खाली गेले. मी मागोमाग गेले होते, त्यामुळे पाहिलं. त्यांनी बाईंना हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, "आमची मंडळी आत आहेत वाटतं." बाई चाळीच्या तोंडाशी विळा घेऊन उभ्या राहिल्या. "सायेब, म्होरं पाऊल टाकलं तर पाय ऱ्हानार नाय," असं म्हणाल्या. वडील हसले, पुन्हा नमस्कार केला आणि परत फिरले. त्या दिवशी त्यांनी आईला बोटही लावलं नाही. तीन दिवसांनी, सकाळी, जेवणाची पानं मांडत असताना, त्यांनी तिचा डावा हात ओट्याच्या कडेवर धरला आणि मनगट मोडलं. काड् असा आवाज आला. दादाने ताटात उलटी केली. डॉक्टरांना सांगितलं, पायरीवरून घसरली. उतारावरचं घर, पायऱ्या भरपूर, त्यांना लगेच पटलं.

आईचं माहेर पंचवटीतलं, यात्रेकरूंची पूजा सांगणारं. ती दोनदा तिकडे गेली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी मामा तिला प्रसादाच्या नारळासकट परत आणून सोडून गेले. तिसऱ्यांदा ती गेली नाही. मनगट वाकडंच जुळलं.

वडील बारा वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. इस्पितळात, सगळ्यांशी गोड बोलत. दादा बंगळूरला स्थायिक झाला, मी गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये. आई एकटी त्या घरात राहिली. का राहिलीस, असं मी विचारलं तर म्हणायची, "आता इथे छान वाटतं." आणि काचा पुसत बसायची.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी तापट आहे. एकदा द्वारकाला एका दुचाकीवाल्याने मला कट मारला, तर मी पुढच्या सिग्नलला त्याला गाठून त्याच्या गाडीची चावी काढून पुलाखाली फेकली होती. घरात दोन मिक्सरची भांडी आणि एक रिमोट माझ्या हातून गेले आहेत. मुलगी नऊ वर्षांची असताना तिला मी अशी थोबाडीत दिली होती की दोन दिवस तिच्या कानात घंटा वाजत होती. त्या रात्री मी न्हाणीघरात जाऊन रडले, पण थोबाडीत तिला बसायची ती बसलीच. "बापावर गेलीये," असं आत्या कौतुकाने म्हणायच्या आणि मला त्यांचेही दात पाडावेसे वाटायचे. माझं एकच समाधान होतं: आईवर मी कधी हात उचलला नाही. तिच्यासमोर मी वेगळी असते, असं मी मानून चालले होते.

यंदा आई अंगणात पडली. फार लागलं नाही, पण चौऱ्याऐंशीचं वय. तिनेच म्हटलं, विकून टाकू, तुझ्याकडे येते. घर तिच्या नावावर आहे, सही तिचीच लागणार होती. मी जोरात तयारीला लागले. माझ्याकडची मागची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, घसरू नये म्हणून खाली मॅट टाकल्या, आणि खोलीची आणि न्हाणीघराची, दोन्ही आतल्या कड्या काढून टाकल्या. मी हे सगळं तिला फोनवर हौसेने सांगितलं. "कड्या कशाला काढल्यास?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अगं, पडलीबिडलीस तर आम्ही आत येणार कसे?"  ती म्हणाली, "बरं."

मी फोन ठेवला आणि पडद्यांचं कापड आणायला गेले. माझ्या काही म्हणजे काही डोक्यात आलं नाही.

घर बघायला बरेच लोक आले. बहुतेकांना पाडून बंगले बांधायचे होते. मग पुण्याहून एक जोडपं आलं, दोघंही आर्किटेक्ट. ती दोघं भिंतींना हात लावून लावून बघत होती, अधांतरी स्लॅबखाली उभी राहून वर बघत होती. "आम्ही एक खिळासुद्धा ठोकणार नाही," तो म्हणाला. "अशी घरं आता राहिलीच नाहीत. आहे तसं मिळालं तरच घेऊ." तिने आईला विचारलं, "आजी, इतक्या वर्षांत दारांची कधी उणीव नाही भासली?" आई म्हणाली, "सवय होते." तो खूश होऊन बायकोला म्हणाला, "बघ, हेच मी म्हणत होतो." मी स्वयंपाकघरात जाऊन एक ग्लास पाणी प्यायले, नाहीतर मी त्याला खडकावर ढकललं असतं. पण माणसं सरळ होती, दादालाही पसंत पडली. पुढच्या शनिवारी इसार पावती करायचं ठरलं.

गुरुवारी दुपारी मी सामान भरायला खोकी घेऊन गेले, तर लांबूनच ड्रिलचा आवाज. आत जाऊन बघते तर आईच्या झोपायच्या जागेच्या तोंडाशी एक सुतार काळ्या दगडात भोकं पाडत होता. घरभर राखाडी धूळ. एक जुना हिरवा दरवाजा चौकटीसकट तिथेच बसवत आणलेला, जुन्या बाजारातून आणलेला, लांब पट्टीच्या बिजागऱ्यांचा. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून देखरेख करत होती. तिच्या पांढऱ्या केसांवर धूळ बसली होती आणि चेहरा असा काही खुलला होता की मला आधी ओळखूच आली नाही.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

"दार बसवतेय," आई म्हणाली. "झालंच आता."

"परवा ती माणसं येणार आहेत! आहे तसं घर हवंय त्यांना!"

"येऊ देत की."

"दोन महिन्यांनी तू माझ्याकडे येणार. मग दार कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

सुतार घाम पुसत म्हणाला, "ताई, मी बोल्लो आजीला, एवढा भारी दगड, कशाला भोकं पाडायची. त्या म्हनल्या, पाड."

"काढा ते," मी त्याला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता काढा."

"नाही काढायचं," आई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने माझ्यासमोर कुणाला तरी नाही म्हटलं होतं, आणि ते मलाच म्हटलं होतं.

मी चष्मा काढला. का काढला ते मला सांगता येणार नाही. धूळ बसली असेल, घाम आला असेल. काढला, घडी घातली आणि कुर्त्याच्या खिशात ठेवला. मग आईचं मनगट धरलं, डावं, आणि तिला खुर्चीवरून खेचून उभी केली. ती हलकी आहे, एवढी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. तिचा खांदा चौकटीवर आदळला. मी तिला गदागदा हलवत होते आणि ओरडत होते, "का? का? सगळं नीट चाललेलं तुला बघवत नाही का?" तिची बांगडी माझ्या मुठीत पिचली. तिने हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. उजव्या हाताने पदर तोंडाकडे नेला.

"ताई, हात सोडा," सुतार म्हणाला. त्याने ड्रिल खाली ठेवलं होतं. "म्हाताऱ्या मान्साचा हात हाय तो."

मी सोडला. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्या खिशातल्या चष्म्याकडे पाहिलं. मग आत गेली, दार ओढून घेतलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

तो आवाज मी पन्नास वर्षांनी ऐकत होते, आणि यावेळी मी बाहेर होते.

तुम्हाला वाटेल की इथे माझा राग उतरला असेल. नाही उतरला. दार बंद झाल्यावर तो आणखी चढला. माझ्याच आईने माझ्याच तोंडावर दार लावावं? माझी नजर बिजागऱ्यांवर गेली. लांब पट्ट्या, आणि सगळे स्क्रू बाहेरच्या बाजूला. सुताराच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर डोकावत होता. दार कसं काढायचं ते मला माहीत होतं, मला ते शिकवलेलं होतं. मी तो उचलला, वरच्या बिजागरीच्या पहिल्या स्क्रूच्या खाचेत बसवला आणि दाबून फिरवला. स्क्रू नवीन होता, लगेच फिरला. सुतार एक पाऊल मागे सरकला.

आतून आईचा आवाज आला. नेहमीसारखा, भाजी निवडताना बोलते तसा.

"चार वर, चार खाली. वेळ लागेल तुला."

मी थांबले.

"स्क्रू कुणाच्या हातात देशील?" तिने विचारलं. "इथे लहान कुणी नाही."

तिने पाहिलं होतं. त्या सकाळी, फुटलेल्या तोंडाने, ती कुठेतरी उभी होती आणि तिने मला तळहात पुढे करताना पाहिलं होतं. पन्नास वर्षं ती मला जेवायला वाढत होती, माझी बाळंतपणं करत होती, आणि तिला ते माहीत होतं. माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर पडला आणि मी दारापाशीच धुळीत बसले. मला लाज वाटली. साधी, उघडी लाज, अंगावरचे कपडे कुणी ओढून घ्यावेत तशी.

मी विचारलं, "कडी कुठून आणलीस?"

"तीच आहे. तू खाली फेकलेली. बाईंना शेत निंदताना सापडली, त्यांनी आणून दिली. पापडाच्या डब्यात होती."

"मग तेव्हाच परत का नाही लावलीस?"

"काढायला तुम्ही दोघं बाप-लेक होतात," आई म्हणाली.

 सुतार हळूच बाहेर अंगणात गेला. काचेतून खाली झेंडूचं शेत दिसत होतं. त्या बाई आता नाहीत, त्यांच्या सुना तोडणी करत होत्या. चाळही आता पत्र्याची झाली आहे.

"ऐक," आई आतून म्हणाली. "हे दार उद्या काढून टाकू. त्या पोरांना घर हवंय तसं देऊ. मला एकदा बघायचं होतं, आतून लावून बसलं की कसं वाटतं ते. कडी मात्र मी तुझ्याकडे घेऊन येणार. माझ्या खोलीला ही लावून दे आणि न्हाणीघराला दुसरी. लावणार असशील तर शनिवारी सही करते. नाहीतर मी इथेच बरी आहे."

"आणि पडलीस तर?" मी विचारलं. हे विचारताना माझ्याच तोंडून कुणाचा आवाज येतो आहे ते मला ऐकू आलं.

"तर दार फोडा," ती म्हणाली. "फोडलंत तर आवाज तरी होतो. काढू नका."

मी हो म्हटलं. तिने लगेच उघडलं नाही. चहाची वेळ होईपर्यंत ती आत बसली. काय करत होती विचारलं तर म्हणाली, काही नाही, नुसती बसले होते. बाहेर आली तेव्हा मनगट सुजून निळं पडलं होतं. मी बर्फ आणला, तर तिने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच लावला.

शुक्रवारी सुताराने दार काढलं आणि दगडातली भोकं काळ्या पुट्टीने बुजवली. शनिवारी ते जोडपं आलं. तिने भिंतीवरून हात फिरवत विचारलं, "इथे काय झालंय, आजी?" आई म्हणाली, "एक दिवस दार होतं." दोघं हसली, त्यांना वाटलं आजी गंमत करताहेत. आईने लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. तिने सावकाश, वळणदार अक्षरात सही केली.

आता ती माझ्याकडे असते. त्याच सुताराने तिच्या खोलीला ती पितळी कडी बसवून दिली, मी बाजूला उभी राहून चारही स्क्रू त्याला एकेक करून दिले. त्यानंतर मी तिच्यावर आवाज चढवलेला नाही. चष्मा पुसायचा झाला तरी दुसऱ्या खोलीत जाऊन पुसते. दुपारी जेवण झालं की ती आत जाते आणि कडी सरकते. मला वाटलं, झालं, तिला हवं ते मिळालं, आपलं फिटलं.

मागच्या आठवड्यात धुण्याभांड्याच्या मावशी सहज म्हणाल्या, "आजी किती गुनाच्या हायेत. तुमी बाहेर गेल्या ना, का दार सताड उघडं टाकून झोपत्यात. वारं छान येतं म्हनत्यात."

मी 'बरं' म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले.